उचलून नेता येईल अशी तीन दिवसांची शिदोरी : सहा माणसांसाठी काय, किती आणि कशात भरावे?

तेरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमची शेतवस्ती तेरणा नदीपासून फार लांब नाही. वस्तीवर दोन घरे मिळून आम्ही सहा जण राहतो : मी, माझी पत्नी, दहावीत शिकणारा मुलगा, शेजारचे भाऊ-वहिनी आणि त्यांची सत्तरी ओलांडलेली आई. गावाला जोडणारा रस्ता एका ओढ्यावरून जातो आणि त्या ओढ्याला पाणी आले की वस्ती तुटते.

आपल्या भागाला टंचाईची तयारी माहीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा घागर-घागर पाणी कसे पुरवायचे हे प्रत्येक घराने शिकून घेतले. परंतु सप्टेंबर २०२१ मध्ये 'गुलाब' चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसाने मांजरा खोऱ्यात पूर आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूर, जालना, नांदेड या जिल्ह्यांत नद्या पात्र सोडून शेतांतून वाहू लागल्या. परंडा तालुक्यात अडकलेल्या लोकांना बाहेर काढण्यासाठी हेलिकॉप्टर आणावे लागले. पाणी अंगावर येते तेव्हा घरातून काय उचलायचे, याचा विचार मात्र आपण अजून नीट केलेला नाही. धान्याची कणगी भरलेली असते, पण ती पाठीवर घेता येत नाही. आणि घेता आली, तरी ओल्या रानात पीठ, चूल व कोरडे सरपण कोठून आणणार?

म्हणून माझा प्रश्न नेमका आहे. मदत पोहोचेपर्यंत किंवा आम्ही उंच जागी पोहोचेपर्यंत तीन दिवस धरले, तर सहा माणसांना पुरेल, चूल न पेटवता खाता येईल आणि एकेक पिशवी पाठीवर घेऊन तीन मोठ्या माणसांना किलोमीटरभर चालता येईल, अशी शिदोरी कशी बांधावी? घरात पडून राहणारी मोठी पेटी मला नको आहे. रात्री दोन वाजता हाक आली, तर दोन मिनिटांत खांद्यावर येणारी पिशवी हवी आहे.

माझा पहिला हिशोब असा आहे. आंतरराष्ट्रीय मदतकार्यात माणशी रोज सुमारे २,१०० कॅलरी धरल्या जातात. सहा माणसे आणि तीन दिवस धरले, तर हा आकडा ३७,८०० होतो. शेंगदाणे, फुटाणे, गूळ, भाकरी असे कोरडे पदार्थ १०० ग्रॅमला ३५० ते ५५० कॅलरी देतात, म्हणजे पूर्ण हिशोबासाठी साधारण नऊ किलो अन्न लागेल. तीन दिवस थोडे कमी खाल्ल्याने निरोगी मोठ्या माणसाचे काही बिघडत नाही, त्यामुळे आठ किलोंत भागावे असे मला वाटते. आपण यात दुरुस्ती सुचवावी.

बालाघाटचा_माणूस

दादा, अन्नाचा हिशोब योग्य आहे, परंतु पिशवीचे वजन अन्न ठरवत नाही, पाणी ठरवते. पिण्यासाठी आणि अन्नात मिसळण्यासाठी माणशी रोज किमान अडीच ते तीन लिटर पाणी लागते. सहा माणसांचे तीन दिवसांचे हे पाणी ४५ ते ५४ लिटर, म्हणजेच तितकेच किलो होते. इतके वजन उचलून चिखलातून कोणीही चालू शकणार नाही. त्यामुळे सगळे पाणी बरोबर नेण्याचा विचार सोडून द्यावा आणि एका दिवसाच्या आसपास पुरेल इतके पाणी व पुढचे पाणी शुद्ध करण्याचे साहित्य, अशी विभागणी करावी.

प्रत्येकाच्या हाती दोन लिटरची भरलेली बाटली दिली, तर बारा लिटर पाणी निघते. त्याशिवाय रिकामा, झाकणाचा एक कॅन घ्यावा. रिकामा असताना त्याला फारसे वजन नसते आणि पोहोचल्यावर त्यात पाणी साठवता येते. कॅन नवा किंवा केवळ खाण्यापिण्याच्या वस्तूंचाच असावा. आपल्याकडे शेतात फवारणीच्या औषधांचे डबे भरपूर असतात आणि धांदलीत तेच हाताशी येतात. ते कितीही धुतले, तरी पिण्याच्या पाण्यासाठी कदापि वापरू नयेत.

पुराच्या पाण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण याबाबत मोठा गैरसमज आहे. पाणी उकळल्याने किंवा त्यात क्लोरीन टाकल्याने रोगजंतू मरतात, पण कपाशी आणि सोयाबीनच्या रानांतून वाहून आलेले कीटकनाशक त्यातून जात नाही. म्हणून शेतातून वाहणारे पाणी हा शेवटचा पर्याय ठेवावा. स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद चार टोकांना बांधून पावसाचे पाणी धरावे. पहिली काही मिनिटे कागद धुऊन जाऊ द्यावा आणि मगच भरायला घ्यावे. पाण्याखाली न गेलेला हातपंप जवळ असेल तर उत्तमच. पुरात बुडालेली विहीर किंवा हातपंप मात्र पाणी ओसरल्यानंतर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून निर्जंतुक केल्याशिवाय वापरू नये.

पाणी गढूळ असेल, तर आधी तुरटी फिरवून ते निवळू द्यावे, वरचे पाणी दुहेरी सुती कापडातून गाळावे आणि त्यानंतर क्लोरीनची गोळी किंवा मेडिक्लोरचे थेंब टाकून अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकले, तर ते मातीशीच खर्ची पडते आणि जंतू शिल्लक राहतात. गोळ्या वेगवेगळ्या मापाच्या येतात; काही लहान भांड्यासाठी असतात, तर काही वीस लिटरसाठी. त्यामुळे वेष्टनावरचे प्रमाण मोठ्या अक्षरात कागदावर लिहून गोळ्यांसोबत ठेवावे. रात्रीच्या अंधारात बारीक छापील अक्षरे कोणाला वाचता येणार?

ज्वारीची_लेक

मी औसा तालुक्यातली आहे आणि लग्नानंतर परभणीला आले. शिदोरीचा विषय निघाला म्हणून मनापासून लिहिते, कारण तीन दिवस न बिघडणारे अन्न आपल्या आज्यांनी आधीच शोधून ठेवले आहे आणि आपण मात्र दुकानातल्या पाकिटांकडे पाहतो.

सर्वांत आधी ज्वारीची कडक भाकरी. पातळ थापून, तव्यावर भाजून, नंतर मंद आचेवर पापडासारखी कुरकुरीत होईपर्यंत वाळवलेली ही भाकरी कोरड्या डब्यात दोन-तीन महिने राहते. सोलापूर, धाराशिव आणि लातूरकडे ती विकतही मिळते. तिच्यात पाणी उरत नाही, म्हणून तिला बुरशी लागत नाही. मात्र हवा लागली की ती मऊ पडते आणि मऊ पडली की बिघडते, त्यामुळे चार-पाच भाकऱ्यांची एकेक पिशवी हवाबंद करून ठेवावी. एकच मोठी पिशवी एकदा उघडली, की पावसाळी हवेत सगळ्याच भाकऱ्या सादळतात.

धपाटे आणि दशम्या अनेकजण सुचवतील. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी प्रवासात दोन दिवस चांगली राहते, धपाटेही राहतात. पण ते पिशवीत कायमचे भरून ठेवण्याचे पदार्थ नव्हेत. हवामान खात्याचा इशारा आला आणि हाती एक संध्याकाळ असली, तर धपाटे लाटावेत आणि पहिल्या दिवशी तेच खावेत. कडक भाकरी पुढच्या दिवसांसाठी राखावी. भूम-कुंथलगिरीकडचा खवा घरात असेल, तर तो निघण्यापूर्वीच संपवावा, शिदोरीत घालू नये. उष्ण, दमट हवेत तो फार लवकर नासतो.

सातूचे पीठ अवश्य ठेवा. गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून दळलेले हे पीठ आधीच शिजल्यासारखे असते. शुद्ध केलेल्या पाण्यात गूळ विरघळवून त्यात कालवले की जेवण तयार होते आणि दात नसलेल्या माणसालाही ते खाता येते. आपल्या शेजारच्या आजींसाठी हाच मुख्य आहार धरा. येसर आणि मेतकूट यांच्यापैकी मेतकूट घ्यावे. येसराला आमटीसाठी चूल लागते, मेतकूट मात्र भाकरीच्या चुऱ्यावर नुसते भुरभुरवता येते.

चटणीबद्दल थोडे सविस्तर लिहिते. शेंगदाण्याची आणि तिळाची कोरडी चटणी चालेल. जवसाची चटणी चवीला कितीही आवडत असली, तरी कुटून ठेवली की तिचे तेल लवकर खवट होते, म्हणून ती या पिशवीसाठी नको. ओला लसूण घालायचा असेल, तर पाकळ्या काप करून तव्यावर पूर्ण कोरड्या भाजून घ्याव्यात. तिखट आणि मीठ नेहमीपेक्षा निम्मे ठेवावे, कारण खारट-तिखटाने तहान वाढते आणि पाणी मोजके असते.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे मोठा पाऊस पुष्कळदा भाद्रपद-आश्विनात येतो. २०२५ चा सप्टेंबरातला पूरही नवरात्राच्याच दिवसांत होता आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे नऊ दिवसांचे उपवास असतात. संकटातही त्या उपवास मोडत नाहीत आणि उपाशी राहतात. त्यामुळे राजगिऱ्याचे लाडू, खजूर, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ हे उपवासाला चालणारे पदार्थ एका वेगळ्या डब्यात ठेवावेत, म्हणजे त्यांना संकोच वाटणार नाही.

नवा_मोंढा

मी छत्रपती संभाजीनगरमध्ये राहतो. वरील सगळे पदार्थ चांगले आहेत, पण ते करायला वेळ आणि हात लागतात. शहरात नोकरी करणाऱ्या जोडप्याने झटपट नूडल्स, बिस्किटे आणि तयार उपम्याची पाकिटे भरली तर काय बिघडते? त्यांच्यावर मुदतीची तारीख छापलेली असते, हीदेखील सोय आहे.

तेरणाकाठ (धागाकर्ता)

आपला मुद्दा समजतो आणि बिस्किटे मीही घेणार आहे. मुले ती आवडीने खातात व १०० ग्रॅमला साधारण ४५० कॅलरी मिळतात. नूडल्स आणि उपम्याची पाकिटे मात्र मी बाजूला ठेवली, कारण दोन्हींना गरम पाणी लागते. त्यासाठी इंधन, पातेले आणि कोरडी जागा हवी, शिवाय पिण्याच्या मोजक्या पाण्यातून तेवढे पाणी द्यावे लागते. नूडल्सच्या मसाल्यात मीठही फार असते. भूकंपानंतर किंवा गॅसगळतीची शंका असताना काडी ओढणे तर धोक्याचेच आहे. ज्यांना घरी काही करणे शक्य नाही, त्यांनी फुटाणे, शेंगदाणे, चिक्की, खजूर, बिस्किटे आणि विकतची कडक भाकरी घेतली, तरी एका बाजारात शिदोरी पूर्ण होते.

दवाखान्यातली_ताई

मी नांदेड जिल्ह्यात आरोग्यसेवेत आहे. गटात आजारी, वृद्ध किंवा लहान मूल असेल, तर शिदोरी त्यांच्यापासून भरायला सुरुवात करावी. धडधाकट माणूस फुटाण्यांवर दिवस काढू शकतो.

तेरणाकाठ दादा, आजींना मधुमेह असेल, तर दोन गोष्टींची काळजी घ्या. गुळाचे सातू हेच त्यांचे मुख्य जेवण करू नका. त्यांच्यासाठी सातू ताकाच्या भुकटीत किंवा नुसत्या मीठ-जिऱ्याच्या पाण्यात कालवा आणि फुटाणे कुटून द्या. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे, पण तितकीच महत्त्वाची आहे. गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि जेवण लांबले, तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी लगेच देण्यासाठी ग्लुकोजची पुडी किंवा साखर त्यांच्याच पिशवीत वरच्या कप्प्यात असली पाहिजे. इन्सुलिनची कुपी ओल्या कापडात गुंडाळून मातीच्या लहान भांड्यात ठेवली, तर आपल्या उन्हातही ती बऱ्यापैकी थंड राहते. रोजच्या गोळ्या किमान आठवडाभराच्या असाव्यात, कारण अन्न तीन दिवसांत मिळाले, तरी औषधाचे दुकान उघडायला अधिक वेळ लागू शकतो.

हा धागा वाचणाऱ्या ज्या घरांत सहा महिन्यांच्या आतले बाळ आहे, त्यांनी बाळासाठी दुधाची भुकटी आणि बाटली पिशवीत भरू नये. आईचे दूध चालू असेल, तर तेच पुरेसे आणि सर्वांत सुरक्षित असते. अशुद्ध पाण्यात कालवलेले भुकटीचे दूध आणि न उकळलेली बाटली यांतून होणारे जुलाब तान्ह्या बाळाच्या जिवावर बेततात. त्याऐवजी आईच्या वाट्याला रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त येतील असे पाहा. साधारण १०० ग्रॅम शेंगदाणे किंवा चिक्की एवढे ते होते. तिला पाणीही आधी द्या. काही कारणाने बाळ आधीपासूनच वरच्या दुधावर असेल, तर वाटी-चमच्याने पाजा. वाटी धुणे सोपे असते.

क्षारसंजीवनीची पाकिटे, म्हणजेच ओआरएस, प्रत्येक पिशवीत असावीत. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकाच वेळी विरघळवायचे असते. पेलाभर पाण्यात अर्धे पाकीट अंदाजाने टाकणे घातक ठरू शकते. कालवलेले पाणी २४ तासांनंतर ओतून द्यावे. पाकीट नसेल, तर एक लिटर शुद्ध पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, हे प्रमाण पाठ करून ठेवावे. यासाठी एक चमचा पिशवीतच बांधून ठेवा, कारण मीठ जास्त झालेले पाणी लहान मुलाला अपाय करते.

पाणी फारच कमी उरले, तर काय खावे हेही लिहून ठेवते. शेंगदाणे, फुटाणे, दूधभुकटी असे प्रथिनांचे अन्न पचवून त्यातली घाण लघवीवाटे टाकण्यासाठी शरीराला जास्त पाणी लागते. म्हणून अशा वेळी भाकरी, गूळ आणि खजूर खावेत. शेंगदाणे आणि चटणी पाणी मिळेपर्यंत बाजूला ठेवावी.

किल्लारीजवळचा

शिदोरीत काय असावे यावर पुष्कळ लिहून झाले आहे; मी ती कोठे ठेवावी याबद्दल लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनानंतर गावे झोपेत असताना आमच्या भागात भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद अंगावर कोसळले, हे मनुष्यहानीचे मुख्य कारण होते. घरात धान्य होते, भाकरी होत्या, पाण्याचे रांजण भरलेले होते. सगळे ढिगाऱ्याखाली गेले. जे वाचले त्यांच्या हाती पांघरूणसुद्धा नव्हते.

म्हणून तिन्ही पिशव्या एकाच खोलीत ठेवू नयेत. एक पिशवी दाराजवळच्या खुंटीला असावी आणि एक गोठ्यात किंवा पत्र्याच्या हलक्या शेडमध्ये. तिसरी शेजारच्या घरी ठेवावी. आपल्याकडे दोन घरे आहेतच. माळ्यावर किंवा वरच्या फळीवर काहीही ठेवू नये. वसमत, औंढा भागातील मंडळींनी हे विशेष मनावर घ्यावे, कारण हिंगोली जिल्ह्यात धक्के सतत जाणवतात. मार्च आणि जुलै २०२४ मधील धक्के तर परभणी-नांदेडपर्यंत जाणवले होते. पुराची सूचना काही तास आधी तरी मिळते, भूकंपाची मिळत नाही. पूर एका हंगामाचा असतो, भूकंपाला मात्र हंगाम नसतो, त्यामुळे निदान एक पिशवी बाराही महिने भरलेली असली पाहिजे.

प्रत्येक पिशवी स्वतःपुरती पूर्ण असावी, हाही माझा आग्रह आहे. एकीत सगळा गूळ, दुसरीत सगळ्या भाकऱ्या आणि तिसरीत पाण्याच्या गोळ्या, अशी वाटणी केली आणि एक पिशवी गेली, तर उरलेल्या दोन अर्धवट ठरतात. प्रत्येकीत भाकरी, शेंगदाणे, गूळ, सातू, ओआरएस आणि क्लोरीनच्या गोळ्या असाव्यात.

धारूरकडचा

आमच्या गावातून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात. फडाजवळ कोपी घालून राहणाऱ्या या माणसांवर अवकाळी पाऊस आला, तर सरपण भिजते, पीठ भिजते आणि रस्त्यापासून वस्ती दूर असल्याने दुकानही जवळ नसते. किल्लारीजवळच्या दादांचा 'प्रत्येक पिशवी पूर्ण' हा नियम टोळीलाही तंतोतंत लागू होतो. टोळीची एकच सामाईक पिशवी मुकादमाकडे ठेवण्यापेक्षा प्रत्येक कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, आपली लहान पिशवी बांधावी. दोन माणसांसाठी तीन दिवसांचे अन्न अडीच-पावणेतीन किलोंत बसते. कोपीत चुलीची ठिणगी आणि उंदीर या दोन्हींची भीती असते, त्यामुळे कापडी पिशवीच्या आत घट्ट झाकणाचा पत्र्याचा किंवा स्टीलचा डबा असणे आवश्यक आहे. उंदीर प्लॅस्टिक कुरतडतो.

तेरणाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आपण सुचवल्याप्रमाणे यादी पुन्हा मांडली आहे. वजने सहा माणसांच्या तीन दिवसांची आहेत आणि प्रत्येक वस्तूचे तीन सारखे वाटे तीन पिशव्यांत जातील.

कडक भाकरी दोन किलो हा पाया धरला आहे. त्यासोबत भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ आणि सातूचे पीठ प्रत्येकी एक किलो घेतले. शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजक्या पोह्यांचा चिवडा, खजूर आणि दूधभुकटी प्रत्येकी अर्धा किलो. एकूण आठ किलो अन्न झाले आणि त्यातून सुमारे ३२,००० कॅलरी मिळतात, म्हणजे माणशी रोज साधारण १,८००. उपवासाच्या डब्यासाठी राजगिऱ्याचे लाडू आणि मुलासाठी बिस्किटे वेगळी. तेवढी भर धरली, तर २,१०० च्या बरेच जवळ पोहोचतो. यातले शेंगदाणे आणि दूधभुकटी ही जास्त ताकदीची, तर भाकरी आणि गूळ कमी पाण्यावर चालणारी, त्यामुळे ताईंनी सांगितलेली अडचण आली, तरी निवड करायला वाव राहतो.

आजींसाठी बिनगुळाचे सातू वेगळ्या पुडीत, त्यावर मोठ्या अक्षरांत नाव, आणि ग्लुकोज वरच्या कप्प्यात. पिशव्यांतले अन्न, डबे, ओआरएस, तुरटी, गोळ्या, सुती कापड, चमचा, स्टीलचे दोन पेले, चाकू, विजेरी आणि प्लॅस्टिकचा कागद धरून एका पिशवीचे वजन पाच किलोंच्या आसपास राहील. त्यात दोन बाटल्यांचे चार लिटर पाणी मिळवले, तरी नऊ किलो होते. मोठ्या माणसाला एवढे वजन चिखलातही नेता येते आणि त्याचा एक हात आजींना धरायला मोकळा राहतो. यासाठीच हात-पिशवी न घेता पाठीवर अडकवायची दप्तरासारखी पिशवी घेतली आहे. डबे आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मग आत ठेवणार आहे, म्हणजे छातीभर पाण्यातून जावे लागले, तरी भाकरी भिजणार नाही.

दोन क्रमांक झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत : आणीबाणीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. भ्रमणध्वनीची बॅटरी संपली, तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता यावेत म्हणून ते कागदावर असलेले बरे.

नवा_मोंढा

एक शंका उरते. भाजलेले शेंगदाणे आणि चटणी आमच्याकडे दोन महिन्यांत खवट होतात. आपण ते बदलणार कसे? माणूस पहिल्या वर्षी उत्साहाने भरतो आणि नंतर विसरतो.

ज्वारीची_लेक

तारखा लक्षात ठेवण्यापेक्षा सणांना बांधून घ्यावे. मृगाला, म्हणजे ७-८ जूनच्या सुमारास, पिशव्या पहिल्यांदा भरायच्या. नागपंचमीला त्यातले शेंगदाणे, चटणी, चिवडा आणि भाकरी काढून घरात खायच्या आणि ताज्या भरायच्या. तसेच घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, कारण तेव्हाच मोठ्या पावसाची भीती असते, आणि त्यानंतर दिवाळीला. काढलेले अन्न चांगले असतानाच खाल्ले जाते, त्यामुळे काहीही वाया जात नाही आणि खर्च फक्त पहिल्या वेळचा राहतो. दिवाळीनंतर दोन पिशव्या रिकाम्या केल्या तरी चालतील. किल्लारीजवळच्या दादांनी सांगितलेली बारमाही पिशवी मात्र संक्रांतीला आणि पाडव्याला पुन्हा भरावी.

बदलताना शेंगदाणा हातात घेऊन पाहावा. काळपट, सुरकुतलेला किंवा हिरवट बुरशीचा दाणा दिसला, तर तेवढाच वेचून न टाकता ती सगळी पुडी टाकून द्यावी. अशा बुरशीतले विष यकृताला बाधते आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. गुळाला पावसाळ्यात पाणी सुटते, म्हणून तो लहान खड्यांत फोडून बटर पेपरात गुंडाळावा आणि भाकरीच्या डब्यात कधीही ठेवू नये.

धारूरकडचा

उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात बारमाही पिशवी कोठे ठेवावी? एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पत्र्याखाली हात लावू देत नाही.

ज्वारीची_लेक

पत्र्यापासून जितकी खाली ठेवाल तितकी बरी. दाराशेजारी, जमिनीपासून वीतभर उंच अशा विटांवर फळी टाकून त्यावर डबा ठेवा, म्हणजे खालून ओल आणि मुंग्या लागणार नाहीत. उन्हाळ्याच्या महिन्यांसाठी शेंगदाणे, चटणी आणि दूधभुकटी काढून ठेवली तरी चालेल. त्यांच्या जागी फुटाणे आणि खारीक वाढवा. त्यांत तेल कमी असते, म्हणून उष्णतेने ती खवट होत नाहीत. पाण्याच्या बाटल्या मात्र उन्हाळ्यात दर आठवड्याला रिकाम्या करून पुन्हा भरा आणि त्यांच्यावर ऊन पडू देऊ नका.